बेसबॉलच्या प्रतिरूप-खेळांतील धावनिर्णय व क्षेत्ररक्षण : वास्तवतेचा प्रश्न

प्रस्तावना

चेंडू टोलावणे हे एक कौशल्य आणि धाव घ्यावी की नाही हे ठरवणे हे दुसरे, हे सदाशिव पेठेतील बोळात क्रिकेट खेळणाऱ्या मुलासही ठाऊक असते. प्रतिरूप-खेळांची, म्हणजेच सिम्युलेशन गेमची, चर्चा मात्र बहुधा चित्रांच्या हुबेहूबपणापाशीच थांबते. खेळाची वास्तवता चित्रात नसून निर्णयात असते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी बेसबॉलचे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते. क्रिकेटमध्ये धाव घेणे ऐच्छिक आहे. बेसबॉलमध्ये चेंडू वैध क्षेत्रात टोलावला की फलंदाजाला ९० फुटांवरील पहिल्या बेसकडे धावावेच लागते. शिवाय पुढच्या बेसवर आणखी तीन धावपटू असू शकतात.

धावण्याचे गणित

अमेरिकेतील मेजर लीगच्या २०१० ते २०१५ या हंगामांत, कोणी बाद नसताना पहिल्या बेसवर धावपटू असेल तर त्या डावात पुढे सरासरी ०.८६ धावा होत. त्याने दुसरा बेस ‘चोरला’ की ही सरासरी १.१० होई, तो बाद झाला की ०.२५ वर येई. म्हणजेच शंभरांत सुमारे ७२ वेळा यशाची खात्री नसेल तर चोरी तोट्याची ठरते.

परंतु हा उंबरठा स्थिर नसतो. २९ ऑक्टोबर २०१४ रोजी वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात कॅन्सस सिटी संघ २-३ असा मागे होता. अखेरच्या डावात दोन गडी बाद असताना अ‍ॅलेक्स गॉर्डनने चेंडू टोलावला. सॅन फ्रान्सिस्कोच्या क्षेत्ररक्षकांच्या हातून तो निसटला. गॉर्डन तिसऱ्या बेसपर्यंत पोहोचला आणि तेथील प्रशिक्षकाने त्यास थांबवले. पुढचा फलंदाज झेल देऊन बाद झाला व सामना संपला. दोन बाद असताना तिसऱ्या बेसवरील धावपटू साधारणतः चारांत एकदाच घरी पोहोचतो. त्यामुळे येथे चौथ्या हिश्श्याहून थोडी अधिक आशाही धावण्यास पुरेशी होती. प्रशिक्षकाला तेवढीही दिसली नसावी. तो निर्णय योग्य होता की नाही, हा वाद त्यानंतरही चालू राहिला.

प्रतिरूपाच्या दोन पद्धती

हॅल रिचमन यांनी १९६१ मध्ये बाजारात आणलेल्या ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ या कार्डांच्या खेळात क्षेत्ररक्षकास १ ते ५ असा दर्जा असतो. धावपटूच्या कार्डावर १-१४ यासारखा पल्ला छापलेला असतो. विसांपैकी निघालेला आकडा त्या पल्ल्यात पडला तर तो सुरक्षित. क्षेत्ररक्षकाच्या फेकीची ताकद हा पल्ला कमीअधिक करते. येथे चित्र नाही, तरीही जोखीम खेळणाऱ्याच्याच माथी असते.

पडद्यावरील खेळात चेंडू, फेक व धावपटू यांचे वेग संगणकास आधीच ज्ञात असतात. त्या ज्ञानाच्या आधारे तोच धावपटूस थांबवू लागला, तर कोणी चुकीने बाद होणारच नाही. उलट, धावपटू प्रत्येक वेळी एकाच ठराविक धिटाईने धावला, तर वर दाखवलेला बदलता उंबरठा नाहीसा होतो. क्षेत्ररक्षणाचेही तसेच आहे. घरी फेक करून एक धाव वाचवावी, की ती धाव देऊन मागच्या धावपटूस रोखावे, हा पेच क्षेत्ररक्षकाला पडलाच पाहिजे.

निष्कर्ष

संगणकाने खेळाडूला तेवढेच ज्ञान द्यावे जेवढे मैदानावरील खेळाडूस असते, ही वास्तवतेची पहिली अट होय. हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. ‘रियल क्रिकेट’ हा मोबाइलवरील खेळ नॉटिलस मोबाइल या पुण्यातील कंपनीचा आहे. क्रिकेटमध्ये तर धाव दोघांच्या संमतीने घ्यावी लागते. १९९९ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात क्लुसनर धावला व डोनाल्ड जागीच राहिला. धावसंख्या २१३ वर समान राहून दक्षिण आफ्रिका स्पर्धेबाहेर गेली. ज्या खेळात असा घोटाळा घडूच शकत नाही, तो कितीही देखणा असला तरी निर्णयाची जबाबदारी शिकवीत नाही.