शेळी ज्याला तोंड लावत नाही

पावसाळ्याच्या तोंडाशी बालाघाटाच्या कुठल्याही उतारावर शेळ्या सोडा. दोन तासांत काय काय उरलं ते पाहा. बोरीचं शेंड्यापर्यंत चरून झालेलं असतं. बाभळीच्या काट्यांतून जीभ घालून पाला ओढलेला असतो. घाणेरीचं झुडूप सोडलेलं असतं, ते ठीक, तिचा वासच उग्र. पण तिच्या शेजारी मऊ, बिनकाट्याच्या, कोवळ्या पानांचं एक झाड उभं असतं आणि त्याच्या एकाही पानाला दात लागलेला नसतो. ते सीताफळ.

बीड जिल्ह्यातल्या माणसाला यात नवल वाटत नाही. धारूर, अंबाजोगाई, परळी, पाटोदा, कुठेही जा, मुरमाड माळावर ही झाडं आपोआप उगवलेली दिसतात. त्यांना कुणी पाणी घातलं नाही, खत टाकलं नाही, कुंपण तर नाहीच. वर्षाकाठी सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी, आणि पायाखाली वीतभर माती की लगेच दगड. अशा जागी हे झाड उन्हाळ्यात पानं गाळून गप्प बसतं, वळवाच्या सुमाराला फुटतं आणि दसरा-दिवाळीच्या आसपास रस्त्याकडेला फळांचे ढीग लावतं. याच फळाला २०१६ साली ‘बीडचं सीताफळ’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं. परसबागेत रासायनिक औषध न वापरता काही पिकवायचं ठरवलेल्यांनी गुरू करावं असं झाड मला यापेक्षा दुसरं सुचत नाही. कारण सेंद्रिय बागेतले बरेचसे प्रश्न त्यानं आधीच सोडवलेले आहेत, आणि ते कसे सोडवले हे कळलं की डोकं चक्रावतं.

आधी शेळीचा प्रश्न घेऊ. सीताफळाच्या पानांत, सालीत आणि सर्वांत जास्त बियांत असिटोजेनिन नावाच्या रेणूंचा एक मोठा गोतावळा असतो. लांबलचक कार्बन-साखळीचे, मेणचट असे हे रेणू. सीताफळाच्याच कुळातल्या एका आफ्रिकी झाडातून त्यातला पहिला रेणू १९८२ साली वेगळा काढला गेला. आता अशा चारशेहून अधिक रेणूंची नोंद आहे आणि ते जवळपास या एकाच कुळाची मक्तेदारी आहेत. हे काय करतात? प्रत्येक पेशीत तंतुकणिका असतात, तिथे अन्नातून ऊर्जा काढली जाते. ही ऊर्जा काढण्याची एक साखळी आहे आणि तिच्या पहिल्याच कडीला शास्त्रज्ञ ‘कॉम्प्लेक्स-१’ म्हणतात. असिटोजेनिन नेमकं तिथे जाऊन बसतं आणि ती कडी अडवतं. अळीनं पान खाल्लं, पोट भरलं, पण पोटातल्या अन्नातून ऊर्जा निघेना. भरल्या पोटी उपासमार. अळी सुस्तावते, खाणं सोडते, मरते.

आपल्याकडच्या दशपर्णी अर्कात सीताफळाचा पाला असतो तो याचसाठी. प्रचलित पद्धतीत दोनशे लिटर पाण्याला कडुनिंबाचा पाला पाच किलो आणि निर्गुडी, करंज, रुई, एरंड, पपई, गुळवेल, कण्हेर अशा इतरांचा दोन-दोन किलो घेतात. त्यात सीताफळही असतं. सोबत हिरवी मिरची, लसूण, शेण, गोमूत्र. मग महिनाभर सावलीत कुजवायचं, रोज काठीनं ढवळायचं आणि गाळून, पातळ करून फवारायचं. ही यादी नीट पाहिली की तिच्यातली खुबी लक्षात येते. यातली बहुतेक झाडं गुरं-शेळ्या टाळतात किंवा नाइलाज झाला तरच खातात. ज्यानं कुणी ही यादी पहिल्यांदा जुळवली त्याला रसायनशास्त्र ठाऊक नसेल, पण चरून आलेल्या माळाकडे त्यानं बारकाईनं पाहिलं असणार.

असं पाहण्यातून विज्ञानही पुढे गेलेलं आहे. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली. हाइनरिश श्मुटरर नावाच्या जर्मन कीटकशास्त्रज्ञानं पाहिलं की सगळं हिरवं फस्त झालंय, फक्त कडुनिंबं शिल्लक आहेत. पुढे १९६८ मध्ये निंबोळीतून अझाडिरेक्टिन वेगळं काढण्यात आलं. तो रेणू इतका गुंतागुंतीचा, की प्रयोगशाळेत तो पहिल्यापासून शेवटपर्यंत बनवायला केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या चमूला बावीस वर्षं लागली. ते काम २००७ साली पुरं झालं. आपल्या दारातलं झाड तो दर पावसाळ्याला निंबोळीत भरून खाली टाकतं आणि आपण झाडूनं लोटून देतो.

पण दोन्ही झाडांची रीत वेगळी आहे. कडुनिंबाचा रेणू मुख्यतः किड्याची भूक मारतो आणि त्याची कात टाकण्याची व्यवस्था बिघडवतो. सीताफळाचा रेणू ऊर्जेची वाट बंद करतो. आणि ऊर्जेची ती वाट किड्यात आहे तशीच माशात आहे, शेळीत आहे, तुमच्या-माझ्यात आहे.

इथे जरा थांबायला हवं, कारण सेंद्रिय म्हटलं की निर्धोक असं आपण फार लवकर धरून चालतो. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर लावायचा उपाय आपल्याकडे जुना आहे आणि उवा त्यानं मरतातही. पण ती पूड डोळ्यांत गेल्यामुळे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला इजा झालेले रुग्ण नेत्रतज्ज्ञांनी नोंदवलेले आहेत. लहान मुलांच्या डोक्याला तर हा प्रकार करूच नये. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वाडेलूप बेटावर पार्किन्सनसारख्या, पण नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या आजाराचे रुग्ण नको तितके दिसायला लागले. तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये बोट दाखवलं ते सीताफळाच्या भावंडांकडे, मुख्यतः लक्ष्मणफळाकडे. ती फळं आणि पानांचा काढा तिथे भरपूर घेतात. कार्यकारणाची शेवटची गाठ अजून पक्की बसलेली नाही, तरी सीताफळाच्या किंवा लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा रोज पिण्याचे सल्ले मोबाइलवर येतात, त्यांना मी तरी हात जोडतो. हंगामातली चार फळं खाणं वेगळं आणि बारमाही काढा वेगळा.

अर्क फवारताना म्हणून काही गोष्टी पाळाव्यात. तोंडाला फडकं, डोळ्याला चष्मा. हौदात, शेततळ्यात, मासे असलेल्या पाण्यात एक थेंब जाऊ देऊ नये. फवारणी संध्याकाळी करावी, कारण निंबातला रेणू उन्हानं लवकर मोडतो आणि मधमाश्याही तोवर घरी गेलेल्या असतात. आणखी एक गोष्ट दशपर्णीचे भक्त सांगत नाहीत. असिटोजेनिन पाण्यात फारसं विरघळत नाही. प्रयोगशाळेत ते अल्कोहोलनं काढतात. म्हणून पिंपातल्या अर्कात किती उतरलं हे प्रत्येक पिंपागणिक वेगळं असणार. शेजाऱ्याला गुण आला आणि तुम्हाला आला नाही, यात तुमचं किंवा शेजाऱ्याचं काही चुकलं असेलच असं नाही.

एवढं विष अंगात बाळगणारं झाड फळ मात्र इतकं गोड का करतं? कारण फळ खाणाऱ्याकडून त्याला काम करून घ्यायचं असतं. गर गोड ठेवायचा, बी गुळगुळीत आणि टणक ठेवायचं आणि विष बियाच्या आत कोंडायचं. माकडानं, कोल्ह्यानं, पोरांनी फळ खाल्लं, बी गिळलं किंवा थुंकलं, तर बी शाबूत आणि खाणाराही शाबूत. बी फोडून खाऊ पाहणाऱ्याला मात्र झाड क्षमा करत नाही. बालाघाटात कुणी न लावता सीताफळाची रानं उभी राहिली ती या हिशेबावर. मुळात हे झाड अमेरिकेतलं. पोर्तुगिजांबरोबर ते इकडे आलं असं सर्वसाधारणपणे मानतात. पण अलेक्झांडर कनिंगहॅम यांना एकोणिसाव्या शतकात भारहुतच्या स्तूपावरच्या शिल्पांत सीताफळ दिसलं होतं, तेव्हापासून हा वाद अधूनमधून पेटत असतो. शिल्पातलं फळ ओळखणं हा मोठा बेभरवशाचा धंदा आहे, असं माझं मत.

परसात सीताफळ लावलेल्यांची ठरलेली तक्रार असते की फुलं भरपूर येतात, फळं धरत नाहीत. लगेच खताची चौकशी सुरू होते. खरं तर एखादं फूल हातात घेऊन पाहावं. ते खाली मान घालून लटकलेलं, हिरवट, तीन जाड पाकळ्यांचं असतं. रंग नाही, डौल नाही. फुलपाखरू तिकडे फिरकत नाही आणि मधमाशीलाही फारसा रस नसतो. त्याचं गिऱ्हाईक वेगळंच आहे: तांदळाच्या दाण्याहूनही लहान, तपकिरी भुंगेरे, जे कुजक्या फळांवर जगतात. फुलाला पिकल्या फळासारखा वास येतो, त्यावर ते येतात आणि जाड पाकळ्यांच्या आत शिरतात.

त्यात पुन्हा सीताफळाच्या फुलाचं वेळापत्रक अजब. फूल आधी मादी असतं. पाकळ्या नुसत्या किलकिल्या झालेल्या, आतल्या कुक्षी ओल्या, चिकट. साधारण दुसऱ्या दिवशी तेच फूल नर होतं. पाकळ्या फाकतात, परागकण सुटतात, पण तोवर त्याच्या स्वतःच्या कुक्षी सुकून गेलेल्या असतात. म्हणजे स्वतःचे पराग स्वतःला निरुपयोगी. भुंगेऱ्यानं कालच्या फुलातून पराग अंगावर घेऊन आजच्या फुलात शिरायला हवं, तेही कुक्षी ओल्या आहेत तोवर. मे महिन्यात बीडचं कोरडं ऊन त्या कुक्षी वाळवून टाकतं. त्या दिवसांतली फुलं म्हणूनच बहुतेक गळून जातात आणि हवेत दमटपणा आल्यावर फळं धरायला लागतात.

या भुंगेऱ्यांचं काम कसं झालं, हे फळावरच वाचता येतं. सीताफळाचा प्रत्येक ‘डोळा’ म्हणजे फुलातला एक स्वतंत्र स्त्रीकेसर. ज्याला पराग मिळाले तो फुगला, ज्याला नाही मिळाले तो दबून राहिला. चहूबाजूंनी गोल, भरलेलं फळ दिसलं तर समजावं, भुंगेऱ्यांनी फूल आतून सगळं तुडवलं होतं. एका अंगाला बसकं, वाकडं फळ दिसलं तर पाहुणे कमी आले होते. बाजारातल्या टोपलीपुढे उभं राहून हे बघण्यात काही वेगळीच गंमत आहे. फळवालीचा तोल ढळेपर्यंत मात्र चिवडत बसू नये.

भुंगेरे कमी असतील तर माणसाला ते काम करता येतं. पूर्ण उमललेल्या फुलांतले पराग कागदावर झटकून घ्यायचे आणि चित्रकलेच्या मऊ कुंचल्यानं किलकिल्या फुलांच्या आत फिरवायचे. परसातल्या एक-दोन झाडांना हे सहज जमतं. दुसरा उपाय आळशी माणसाला मानवेल. झाडाखाली थोडी कुजकी फळं पडू द्यायची, कारण भुंगेऱ्यांची पैदास तिथेच होते. अंगण लख्ख ठेवणाऱ्या घरात सीताफळ कमी धरतं, हे मी कुणाच्याही सासूबाईंसमोर बोलणार नाही.

जिल्ह्यातच, अंबाजोगाईला, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे. ‘धारूर-६’ हा वाण तिथला. या डोंगरातल्याच रानटी झाडांमधून निवडत निवडत पुढे आणलेला. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी निवडलेल्या ‘एनएमके-१ गोल्डन’नं तर बागायतदारांना वेड लावलं. कुंडीत किंवा परसात लावायचं तर बीपासून आलेलं रोप आईसारखं निघेलच असं नसतं, म्हणून कलम आणावं.

आणि इतकं विषारी असून या झाडाला कीड लागते का? लागते. पिठ्या ढेकूण डोळ्यांच्या खाचांत कापसासारखा चिकटून बसतो आणि रस शोषतो. त्याच्या अंगातून गोड, चिकट पाणी झरतं, त्यासाठी मुंग्या येतात आणि त्याच्या शत्रूंना हुसकून लावतात. म्हणून पहिलं काम मुंग्यांची वाट तोडायची, खोडाला चिकट पट्टी बांधून. दुसरं काम हात आवरायचं. त्या पांढऱ्या किड्यांमध्ये एखादा जरा मोठा, भरभर पळणारा, केसाळ पांढरा किडा दिसला तर तो चिरडू नका. ती क्रिप्टोलीमस नावाच्या लेडीबर्डची अळी, पिठ्या ढेकणाचंच सोंग घेऊन त्यालाच खाणारी. मूळची ऑस्ट्रेलियाची. भारतात ती १८९८ साली आणली गेली आणि इथलीच होऊन राहिली. दशपर्णी सरसकट मारली की तीही जाते आणि फुलांतले भुंगेरेही. फुलोऱ्यात फवारायचंच नाही, हा नियम म्हणून पाळलेला बरा.

शेळी टाळते ती पानंही कुणीतरी खातंच. सोसायट्यांच्या कडेला लावतात तो उंच, सरळ खोटा अशोक आणि आजीच्या अंगणातला हिरवा चाफा, हे दोघं सीताफळाचे चुलत भाऊ. काळ्या पंखांवर हिरवे ठिपके असलेलं ‘टेल्ड जे’ हे चपळ फुलपाखरू याच घराण्यातल्या झाडांवर अंडी घालतं. अमेरिकेत या फुलपाखराचा एक नातलग सीताफळाच्या कुळातल्या ‘पॉपॉ’ झाडावर वाढतो. त्याच्या अळ्या पाल्यातलं असिटोजेनिन पचवतात आणि पंख फुटल्यावरही ते अंगात राहतं. आपल्या परसातल्या सीताफळाची कोवळी पानं कुरतडलेली दिसली तर पानाखाली पाहावं. खांद्याशी जाड, शेपटीकडे निमुळती अळी असेल तर तिला अलगद काडीनं डिवचा. डोक्यामागून ती दुहेरी शिंग बाहेर काढेल आणि वास सोडेल. पाच-दहा पानं तिची म्हणून सोडून द्यावीत. नसेलच सोडायची तर हातानं उचलून खोट्या अशोकावर ठेवावी. दशपर्णीतल्या सीताफळाच्या पाल्याचा तरी तिच्यावर काय भरवसा धरायचा, तो तर तिचा रोजचा नाश्ता आहे.