चौरसाचा कर्ण आणि ग्रीक तत्त्वचिंतन

एक चौरस काढावा, त्याचे समोरासमोरचे दोन कोपरे रेषेने जोडावे, आणि ही कर्णरेषा बाजूच्या नेमकी किती पट आहे असे विचारावे. प्रश्न शाळकरी मुलाच्या तोंडी शोभावा इतका साधा आहे; परंतु प्राचीन ग्रीसमध्ये ह्याच प्रश्नाने एका मोठ्या संप्रदायाच्या मूळ श्रद्धेला छेद दिला, आणि गणिताला व तत्त्वज्ञानाला निराळे वळण लावले.

तो संप्रदाय पायथागोरसाचा. सामॉस बेटावर जन्मलेला हा पुरुष इ. स. पूर्व ५३० च्या सुमारास दक्षिण इटलीतील क्रोटोन नगरीत येऊन राहिला. त्याच्या शिष्यमंडळात आहारविहाराचे निर्बंध होते, पुनर्जन्मावर विश्वास होता, आणि गुरुवचनाविषयी पराकाष्ठेचा आदर होता. पायथागोरसाच्या हातचे एक अक्षरही आज उपलब्ध नाही; त्यामुळे गुरूचे विचार कोणते व शिष्यांचे कोणते, हे निवडणे दुष्कर झाले आहे. ॲरिस्टॉटलसुद्धा गुरूचे नाव टाळून ‘पायथागोरसी म्हणविणारे लोक’ असाच सावध उल्लेख बहुधा करतो.

ह्या लोकांचा सिद्धांत असा की, सर्व वस्तूंचे मूळ संख्येत आहे. ही कल्पना निव्वळ गूढवादातून आलेली नव्हती. तिला संगीताचा भक्कम आधार होता. ताणलेली तार निम्मी करून छेडली की वरचा षड्ज लागतो, दोन-तृतीयांश ठेवली की पंचम, आणि तीन-चतुर्थांश ठेवली की मध्यम. कानाला गोड वाटणारे स्वरसंवाद एक, दोन, तीन, चार ह्या पहिल्या चार संख्यांच्या प्रमाणांत सापडावेत, हा शोध कोणालाही मोहून टाकणारा आहे. जे तारेत दिसले तेच ग्रहगोलांत आणि मनुष्याच्या आत्म्यातही असले पाहिजे, असे त्यांना वाटले. येथे संख्या म्हणजे केवळ पूर्ण संख्या. अपूर्णांक हे दोन पूर्ण संख्यांमधील प्रमाण. अशा प्रमाणाला ग्रीक भाषेत ‘लोगोस’ म्हणत, आणि ह्याच शब्दाचे दुसरे अर्थ वाणी व विवेक असेही आहेत.

आता ह्या श्रद्धेचा एक परिणाम पाहावा. सर्व काही संख्याबद्ध असेल, तर कोणत्याही दोन रेषांना पूर्ण भाग जाईल असे एखादे लहानसे समान माप असलेच पाहिजे. चौरसाची बाजू आणि कर्ण ह्यांना तसे माप आहे असे समजू, आणि त्यांचे प्रमाण दोन संख्यांत अतिसंक्षिप्त रूपात मांडू. म्हणजे त्या दोन्ही संख्या सम असणार नाहीत. कर्णावरील चौरस बाजूवरील चौरसाच्या दुप्पट असतो. म्हणून कर्णाच्या संख्येचा वर्ग सम, आणि अर्थात ती संख्याही सम. तेव्हा बाजूची संख्या विषम असली पाहिजे. परंतु सम संख्येच्या वर्गाला चाराने भाग जातो. म्हणून त्याच्या निम्मा असलेला बाजूचा वर्गही सम ठरतो, आणि बाजूची संख्याही सम ठरते. एकच संख्या विषमही आणि समही! अर्थात मूळचे गृहीतच खोटे. ह्या युक्तिवादाचा निर्देश ॲरिस्टॉटलने केलेला आहे. ज्या राशींचे परस्परप्रमाण संख्येने सांगता येत नाही त्यांना ग्रीकांनी ‘अलोगोस’, म्हणजे लोगोस नसलेल्या, असे नाव दिले.

हे रहस्य फोडणाऱ्या हिप्पाससला समुद्रात जलसमाधी मिळाली, अशी आख्यायिका पुष्कळ पुस्तकांत आढळते. ती घटनेनंतर कित्येक शतकांनी नोंदली गेली आहे, आणि तिच्या पाठांतही मेळ नाही. ह्या शोधामुळे ग्रीक गणितात हाहाकार उडाला, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोकप्रिय झालेले मतही पुढील संशोधकांनी बरेच सौम्य केले आहे. हाहाकार उडाला असो वा नसो, विचाराची दिशा बदलली एवढे निश्चित.

ह्या कर्णाचे मान ग्रीकांपूर्वी कोणी काढलेच नव्हते असे मुळीच नाही. बॅबिलोनच्या एका प्राचीन मृत्तिकापट्टिकेवर ते कोरलेले आहे. आपल्याकडे बौधायनाच्या शुल्बसूत्रातही ते आहे. बाजूत तिचा तृतीयांश मिळवावा, त्या तृतीयांशाचा चतुर्थांश मिळवावा, आणि ह्या चतुर्थांशाचा चौतिसावा भाग वजा करावा. ही दोन्ही माने दशांशाच्या पाच स्थळांपर्यंत बरोबर येतात. यज्ञवेदीच्या विटा रचणाऱ्याला ह्याहून अधिक सूक्ष्मता नको असते. ग्रीकांचे वैशिष्ट्य निराळे: मान कितीही सूक्ष्म केले तरी ते पूर्णतेला कधीच पोहोचणार नाही, हे त्यांनी सिद्ध करून दाखविले. मोजपट्टीने हे कळणे शक्य नव्हते, कारण डोळ्यांना प्रत्येक रेषा कोणत्या ना कोणत्या मापात बसलेलीच दिसते.

प्लेटोला ह्या प्रश्नाचे विलक्षण आकर्षण होते ते ह्याचमुळे असावे. त्याच्या ‘मेनो’ नामक संवादात सॉक्रेटीस एका अशिक्षित गुलाम मुलाला, दोन फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट चौरस काढावयास सांगतो. मुलगा प्रथम चार फूट बाजू सांगतो, मग तीन, दोन्ही चुकतात. तेव्हा सॉक्रेटीस म्हणतो की, संख्या सांगावयाची नसेल तर रेषा नुसती दाखव. ह्या एका सवलतीत मर्म आहे. जी राशी संख्येने सांगता येत नाही ती रेषेने दाखविता येते. वृद्धापकाळच्या ‘नियम’ ह्या ग्रंथात तर, अशा राशींविषयी आपण स्वतः फार उशिरा ऐकले आणि ग्रीकांच्या ह्या अज्ञानाची लाज वाटली, असे उद्गार प्लेटोने मुख्य वक्त्याच्या तोंडी घातले आहेत.

खरा तोडगा काढला तो निडॉसच्या यूडॉक्ससने. दोन प्रमाणे समान केव्हा मानावी, ह्याची त्याने अशी व्याख्या केली: पहिली व तिसरी राशी कोणत्याही एका पटीने, आणि दुसरी व चौथी अन्य कोणत्याही पटीने वाढविली असता, पहिली दुसरीहून अधिक, समान किंवा उणी ठरेल तशीच तिसरी चौथीहून ठरली पाहिजे. संख्येचे नावही न घेता प्रमाणाचे शास्त्र उभे राहिले. इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास यूक्लिडने आपल्या तेरा खंडांच्या ग्रंथात, पाचव्या खंडात ते ग्रथित केले.

ह्या विजयाची किंमतही ग्रीकांना द्यावी लागली. रेषेला संख्येपेक्षा श्रेष्ठ स्थान मिळाले. दोन रेषांचा गुणाकार म्हणजे क्षेत्र, तिहींचा म्हणजे घन, आणि चौघींचा म्हणजे काय ह्याला उत्तरच नाही! बीजगणिताला अशा घरात मोकळा श्वास घेता येईना. भारतीय गणिती ह्या बाबतीत मोकळे होते. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये आणि भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘करणी’ म्हणून ह्याच राशींची बेरीज, वजाबाकी व गुणाकार निःशंकपणे केले. तार्किक पाया मात्र यूडॉक्ससच्या व्याख्येतच दडलेला होता. इ. स. १८७२ मध्ये जर्मन गणिती डेडेकिंड ह्याने अपरिमेय संख्यांची व्याख्या बांधली, ती ह्याच व्याख्येशी जवळचे नाते सांगणारी होती. सर्व परिमेय संख्यांचे दोन वर्ग पाडावे, एका वर्गातील प्रत्येक संख्या दुसऱ्यातील प्रत्येकीहून लहान असावी, आणि मध्ये जेथे कोणतीच परिमेय संख्या नसेल तेथे नवी संख्या मानावी. चौरसाच्या कर्णाला अशा रीतीने अखेर संख्यांच्या पंक्तीत जागा मिळाली.