मंगळावरचा संगणक आणि अडलेले कुलूप

४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचे ‘मार्स पाथफाइंडर’ यान मंगळावर सुखरूप उतरले. परंतु हवामानाची मोजमापे सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यावरील संगणक हातातले काम टाकून पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ लागला. साठविलेली माहिती शाबूत राही. त्या दिवसाची उरलेली कामे मात्र दुसऱ्या दिवसावर जात. यान तर सुमारे १९ कोटी किलोमीटर दूर!

एकच संगणक अनेक कामे करतो, तेव्हा प्रत्येक कामाचा स्वतंत्र प्रवाह असतो. हे प्रवाह परस्परांना निरोप धाडतात आणि निरोप केव्हा येईल याचा नेम नसतो. निरोपांची नोंद दोघांनी एकाच वेळी बदलली तर ती बिघडेल. म्हणून तिला ‘म्युटेक्स’ नामक कुलूप असते. त्याची किल्ली एका वेळी एकाच्याच हाती.

पाथफाइंडरवर हवामानाचे काम कनिष्ठ दर्जाचे होते. त्याने किल्ली घेतली, की कधी कधी मध्यम दर्जाची कामे पुढे घुसून त्याला थांबवीत. माहितीचे वाटप करणाऱ्या वरिष्ठ कामाला नेमकी तीच किल्ली हवी असे. कारकून नोंदवही कपाटात ठेवून दुसऱ्याच कामावर गेला, की साहेबांनाही तिष्ठत बसावे लागते, तसाच हा प्रकार! संगणकाचे चक्र १२५ मिलिसेकंदांचे. तेवढ्यात वाटप पुरे न झाल्याचे दिसताच देखरेखीचे काम संगणक नव्याने सुरू करी.

विशेष म्हणजे हे कुलूप यानाच्या तंत्रज्ञांनी लिहिलेलेच नव्हते. ते ‘व्हीएक्सवर्क्स’ प्रणालीच्या तयार आज्ञासंग्रहात, निरोपाची वाट पाहणाऱ्या ‘सिलेक्ट’ आज्ञेच्या पोटात दडलेले होते. उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही हा दोष क्वचित डोकावला होता. पण तो पुन्हा घडवून दाखविता आला नव्हता.

उपाय ठाऊक होता. शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांनी १९९० मध्ये तो शास्त्रीय रीतीने मांडला होता. किल्ली ज्याच्या हाती आहे त्याला, ती परत करीपर्यंत, वाट पाहणाऱ्या वरिष्ठाचा दर्जा द्यावयाचा. ही सोय प्रणालीत होतीच. वेग राखण्यासाठी ती या कुलपापुरती बंद ठेवली होती. पॅसाडेना येथील प्रयोगशाळेत यानाच्या प्रतिकृतीवर बिघाड पुन्हा घडवून तंत्रज्ञांनी त्याचे मूळ शोधले. मग आवश्यक तो बदल रेडिओद्वारे मंगळावर पाठविला आणि त्या कारणाने संगणक बंद पडणे थांबले. यानाशी नियमित संपर्क त्यानंतर २७ सप्टेंबर १९९७ पर्यंत टिकला.