तिवरांचे रक्षण आणि भरतीचा मार्ग
बोईसर-तारापूर परिसरात औद्योगिक वसाहत व अणुविद्युत् केंद्र यांच्या जोडीला खाडीकाठची तिवरेही आहेत. तिवरक्षेत्राभोवती ५० मीटरांचा पट्टा बांधकामावाचून मोकळा राखावा, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. पुढे २०२२ साली त्याच न्यायालयाने मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेसाठी मुंबई, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील सुमारे २०,००० तिवरे तोडण्यास अनुमती दिली. चर्चा झाली ती बहुधा या संख्येचीच.

वस्तुतः तिवराचा नाश कुऱ्हाडीवाचूनही होतो. खाडीच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून तिवराची श्वसनमुळे चिखलातून वर येतात आणि ओहोटीच्या वेळी हवा घेतात. भरावामुळे पाणी साचून राहिले की ही मुळे बुडालेलीच राहतात व झाड गुदमरते. याउलट भरतीच पोहोचली नाही, तर माती अतिक्षारयुक्त होते. निवटी व चिंबोऱ्या यांचा आसराही त्याबरोबर जातो. म्हणून भरावाखालील मोरीची रुंदी पाहावी लागते. आणि रुंदीहूनही तिचा तळ, कारण तो खाडीच्या तळाहून उंच राहिल्यास ओहोटीचे पाणी आतच अडते. नकाशावर ५० मीटरांचा पट्टा अखंड असतानाही हे घडू शकते. यास्तव परवान्याच्या अटींत भरती-ओहोटीच्या प्रवाहाची मोजणी, कामापूर्वीची आणि कामानंतरचीही, घालावयास हवी.