जुन्या मोटारसायकलला मोठे कार्बोरेटर: बसवण्याआधी आणि बसवल्यानंतर

  चहा झाला नसेल तर कप हातात घेऊनच बसा, कारण आजचा विषय जरा तेलकट आहे.

मागे जुन्या गाड्यांवर बोललो होतो, तेव्हा एकच प्रश्न दोन-तीन जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला. 'जुन्या बाइकला मोठे कार्बोरेटर घातलेत. आवाज झकास येतो, पण पिकअप गेला. काय करू?' उत्तर मला स्वतःच्या चुकीतूनच मिळालं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

माझ्याकडे १९७० सालची ट्रायम्फ बॉनव्हिल आहे. कव्हेंट्रीजवळच्या मेरिडनला बनलेली, ६४९ सीसीची, दोन सिलिंडर आणि दोन कार्बोरेटर. मूळचे कार्बोरेटर बर्मिंगहॅमच्या अमल कंपनीचे, ३० मिलिमीटरचे. माझ्या हाती आली तेव्हा आधीच्या मालकाने ३४ मिलिमीटरचे बसवले होते. मीही खूश होतो. मोठं म्हणजे चांगलंच असणार, नाही का?

एका शनिवारी धाकटीला मागे बसवून निघालो. राउंडअबाउटवर जागा मिळाली, मनगट वळवलं, आणि इंजिनाने एक खोकला काढला व गप्प झालं. रस्त्याच्या मधोमध आम्ही दोघं, आणि उजवीकडून येणारी लॉरी. त्या चालकाने वेळेत ब्रेक मारला, म्हणून आज हा कार्यक्रम तुम्ही ऐकताय. धाकटी घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

असं का झालं? कार्बोरेटरमध्ये पेट्रोल कुठला पंप ढकलत नाही. इंजिन हवा ओढतं, ती हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते, वेगामुळे तिथला दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर खेचलं जातं. म्हणजे सगळा खेळ हवेच्या वेगाचा. बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी लांब जातं, काढला की पायाशी पडतं. मोठा कार्बोरेटर म्हणजे अंगठा काढलेला पाइप.

आता हिशेब पाहा. ३० वरून ३४, फक्त चार मिलिमीटर. पण भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे इथे सुमारे २८ टक्के. इंजिन तेवढंच, हवा तेवढीच, मग वेग २२ टक्क्यांनी कमी. आणि पेट्रोलला बसणारी ओढ वेगाच्या वर्गावर अवलंबून, म्हणून ती जवळजवळ ३९ टक्क्यांनी कमी! शर्यतीत इंजिन कायम वरच्या आरपीएमवर फिरतं, तिथे हवेला भरपूर वेग असतो आणि मोठा गळा कामाला येतो. राउंडअबाउटवर दुसऱ्या गिअरमध्ये तो वेग नसतो. थ्रॉटल झटक्यात उघडलं की हवा लगेच आत जाते, पेट्रोल मागे राहतं. तो खोकला म्हणजे कोरड्या मिश्रणाचा खोकला.

(ध्वनी: इंजिन स्लोवर, थ्रॉटल झटक्यात उघडल्यावर खोकला. आठ सेकंद.)

ऐकलंत? हाच तो.

आता दुरुस्ती. पण कार्बोरेटरला हात लावण्याआधी बाकीचं घर आवरा. टॅपेट, इग्निशनचं टायमिंग, प्लग, एअर फिल्टर, वाटीतली पेट्रोलची पातळी हे आधी बघा. कार्बोरेटर आणि हेडच्या जोडातून हवा गळत असेल तर जगातला कुठलाच जेट तुम्हाला वाचवणार नाही. मी दोन आठवडे जेट बदलत होतो आणि दोष निघाला वाकलेल्या फ्लँजमध्ये.

त्यानंतर अमलने स्वतः सांगितलेला क्रम पाळा: आधी मेन जेट, मग पायलट, मग स्लाइडची कड, मग सुई आणि शेवटी पुन्हा पायलट. प्रत्येकाचा इलाका ठरलेला आहे. थ्रॉटल बंद असल्यापासून आठव्या भागापर्यंत पायलट, तिथून पाव भागापर्यंत स्लाइडची कापलेली कड, पावपासून पाऊणपर्यंत सुई आणि तिचा जेट, पाऊणच्या पुढे मेन जेट. म्हणून पकडीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. तक्रार कुठल्या खुणेवर आहे ते कळलं की अर्धं काम झालं.

मेन जेट पहिला, कारण चूक तिथेच महाग पडते. पूर्ण थ्रॉटलवर मिश्रण कोरडं राहिलं तर पिस्टन तापतो आणि त्याला चक्क भोक पडू शकतं. अमलच्या जेटवरचा आकडा म्हणजे मिनिटाला किती सीसी पेट्रोल जातं ते, त्यामुळे मोठा आकडा म्हणजे जास्त पेट्रोल. मुद्दाम मोठ्या जेटपासून सुरुवात करा आणि एकेक पायरी खाली या. पूर्ण थ्रॉटलवर गाडी जड चालली तर जेट मोठा. थ्रॉटल किंचित मिटल्यावर ताकद वाढल्यासारखी वाटली तर जेट लहान, लगेच थांबा. ही परीक्षा हमरस्त्यावर नको. ट्रॅकवर किंवा डायनोवर करा.

पायलटचा स्क्रू इंजिन गरम झाल्यावर, एका वेळी एकच सिलिंडर चालवून लावा. दुसऱ्याची प्लगवायर काढून नीट अर्थ करा. या कार्बोरेटरचा स्क्रू हवा कमी-जास्त करतो, म्हणून आत फिरवला की मिश्रण घट्ट, बाहेर काढला की पातळ. सुरुवात दीड वळणापासून. काही बनावटींमध्ये हाच स्क्रू पेट्रोलचा असतो आणि सगळं उलटं होतं, तेव्हा आधी आपलं पुस्तक बघा.

आता माझा राउंडअबाउट. ती जागा स्लाइडच्या कडेची. तिच्यावर अडीच, तीन, साडेतीन असे आकडे असतात, आणि आकडा मोठा तितकी हवा जास्त. उघडताना गाडी कार्बोरेटरमधून थुंकत असेल तर लहान आकडा घाला. जड होऊन डुगडुगत असेल तर मोठा. माझ्या गाडीत तीनच्या जागी अडीच घातली आणि खोकला जवळजवळ गेला. मग सुई एक खाच वर केली, तेव्हा उरलेला गेला. हे आकडे माझ्या गाडीचे आहेत, तसेच्या तसे उचलू नका. आणि एका वेळी एकच बदल. प्रत्येक बदल वहीत तारखेसकट लिहा, नाहीतर चौथ्या दिवशी आपण कुठून निघालो तेच आठवत नाही.

शेवटी दोन्ही स्लाइड एकदमच उचलल्या जातात ना ते तपासा. दोन्हींखाली सारख्या जाडीचे ड्रिल बिट ठेवायचे आणि पकड हळूच फिरवायची. दोन्ही एकाच क्षणी सुटून पडले पाहिजेत.

आणखी एक गोष्ट पेट्रोलची. सप्टेंबर २०२१ पासून इथल्या पंपावरचं साधं पेट्रोल ई-टेन आहे, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉलला त्याच हवेसाठी जास्त इंधन लागतं, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण थोडं कोरडं होतं. जुन्या रबरालाही ते मानवत नाही. मी सुपर ग्रेडचं ई-फाइव्ह वापरतो, आणि ज्या पेट्रोलवर ट्यूनिंग केलं तेच कायम भरतो. टिकलर दाबताना हातावर सांडलेलं पेट्रोल पुसल्याशिवाय किक मारू नका. गरम इंजिनावर थेंब पडायला वेळ लागत नाही.

तर मग मोठे कार्बोरेटर घालावेत का? इंजिनात शर्यतीचे कॅम, वाढवलेलं कॉम्प्रेशन, मोठे व्हॉल्व्ह असतील आणि गाडी ट्रॅकवरच धावणार असेल तर जरूर. साध्या इंजिनाला मात्र मूळचा मापच बरा. ट्यूनिंग करून माझी गाडी सरळ झाली, पण मनगट झटक्यात वळवायची मुभा तिने कधीच दिली नाही. झटक्याला जादा पेट्रोल देणारा पंप या कार्बोरेटरमध्ये नाही, आणि हवेचा तो हिशेब कुठल्याही जेटने पुरता मिटत नाही.

म्हणून गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा ३० मिलिमीटरचे बसवले. ३४ वाले बिस्किटांच्या डब्यात आहेत. धाकटी पुन्हा मागे बसते. राउंडअबाउट आला की अजून माझं जॅकेट घट्ट पकडते, आणि गाडी सुटली की सोडते.

तुमच्या गाडीच्या तक्रारी जरूर कळवा, पण कितव्या खुणेवर, ते लिहायला विसरू नका. पुढच्या रविवारी भेटूच. नमस्कार.