स्वप्न लक्षात ठेवायला शिका, स्वप्नात जागं व्हायला शिका

या पानावर आम्ही मधुमेह, रक्तदाब, क्षयरोग, बाळंतिणीचा आहार अशा विषयांवर लिहितो. या वेळी विषय झोपेचा आहे, आणि झोपेतल्याही एका कोपऱ्याचा, म्हणजे स्वप्नाचा. हा चैनीचा विषय नाही. वाईट स्वप्नांच्या भीतीने अर्धी रात्र जागून काढणारी माणसं आपल्या वस्त्यांत आहेत. स्वप्नात मेलेलं माणूस हाक मारताना दिसलं म्हणून कुणाकडे तरी जाऊन लिंबू-नारळ उतरवून, वर पाचशे-हजार रुपये ठेवून येणारीही आहेत. अशा घरांना आम्हाला सांगायचं आहे की स्वप्न लक्षात ठेवणं शिकता येतं, आणि सरावाने काहींना चालू स्वप्नातच ‘अरे, हे तर स्वप्न आहे’ हे ओळखताही येतं. याला पैसा लागत नाही. पुरेशी झोप लागते, आणि आपल्याकडे तिचीच टंचाई आहे.

म्हणून आधी झोपेचं बोलू. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, आणि तीत माणसं पाच-सात. गिरण्या तीन पाळ्यांत चालत तेव्हा लालबाग-परळच्या गाळ्यांत एकाच जागेवर आळीपाळीने माणसं झोपायची. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा तिथेच आडवा व्हायचा. बाबासाहेबांच्या चरित्रात परळच्या चाळीतली अशीच एक खोली आहे. वडील रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमरावांना अभ्यासाला उठवत आणि त्यांच्या जागेवर स्वतः पडत. गिरण्या गेल्या, भोंगे गेले, पण पाळ्या राहिल्या. रुग्णालयातल्या आया आणि वॉर्डबॉय, रात्रीचे वॉचमन, उजाडायच्या आत हजेरी चौकी गाठणारे सफाई कामगार, आणि या सगळ्यांचे डबे करायला त्यांच्याही आधी उठणाऱ्या बायका. यांच्या झोपेचा जो तुकडा तुटतो, तो नेमका स्वप्नांचा असतो.

असं का, ते समजून घेऊ. शिकागो विद्यापीठातल्या यूजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ साली दाखवलं की झोपेत काही काळ मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात, आणि त्या वेळी उठवलं तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. झोपेची फेरी साधारण दीड तासाची असते. सुरुवातीच्या फेरीत ही डोळे हलण्याची झोप जेमतेम काही मिनिटं मिळते, पहाटेकडे ती लांबत जाते. म्हणजे रात्री अकराला पडून चारला उठणाऱ्याची खोल झोप बऱ्यापैकी होते, पण स्वप्नांची झोप बरीचशी बुडते. ‘मला स्वप्नंच पडत नाहीत’ म्हणणारे अनेकजण याच वर्गातले असतात. त्यांना स्वप्नं पडत असतात, पण घड्याळाच्या गजराने ती पुसली जातात.

याच झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडतो, नाहीतर स्वप्नात धावणारा माणूस खरोखर शेजाऱ्याला तुडवत गेला असता. डोळे आणि श्वास मात्र मोकळे राहतात. याचा उपयोग करून १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी एक प्रयोग केला. अॅलन वर्स्ली नावाच्या माणसाने ठरवलं होतं की स्वप्नात भान आलं तर डोळे डावीकडे-उजवीकडे ठरल्याप्रमाणे फिरवायचे. तो झोपला, स्वप्नात त्याला भान आलं, आणि यंत्राच्या कागदावर ती खूण उमटली. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनीही स्वतंत्रपणे हेच सिद्ध केलं. २०२१ मध्ये चार देशांतल्या प्रयोगशाळांनी आणखी एक पाऊल टाकलं. स्वप्नात असलेल्या माणसाला ‘आठातून सहा गेले किती’ असं विचारलं, आणि त्याने झोपेतच डोळे दोनदा फिरवून उत्तर दिलं. सगळ्यांना ते जमलं नाही, पण काहींना जमलं एवढं पक्कं. तेव्हा ही बुवाबाजी नाही आणि सिद्धीही नाही. मनाची एक सवय आहे, लावली तर लागते.

सुरुवात स्वप्न आठवण्यापासून करायची, कारण जे आठवतच नाही त्यात जागं होऊन उपयोग काय? झोपताना मनाशी साधं ठरवायचं, ‘सकाळी मला स्वप्न आठवेल.’ जाग आली की हलायचं नाही. डोळे मिटलेलेच ठेवायचे, कूसही बदलायची नाही. पहिला प्रश्न ‘काय दिसलं’ हा ठेवू नका. ‘आत्ता मला कसं वाटतंय’ हे आधी विचारा. भीती, लाज, आनंद, घाई, जे असेल त्याचं शेपूट धरून मागे गेलं की माणसं आणि जागा सापडू लागतात. मग लिहा. उशाशी जुनी वही आणि पेन्सिल पुरे. खोलीत सहाजण झोपलेले असताना दिवा लावता येत नाही हे आम्हाला माहीत आहे. अंधारात मोठ्या अक्षरांत चार शब्द खरडा, ‘आत्या, पूल, पाणी, भीती’ एवढेच. दिवसा त्यावरून सगळं उलगडतं. लिहिता येत नसेल तर घरात कुणाला तरी सांगा, सांगितल्यानेही स्वप्न टिकतं. मोबाइल मात्र उघडू नका. व्हॉट्सअॅपवरचे दोन संदेश वाचले की स्वप्न गेलं.

इथे घरातल्या पुरुषांना एक सांगणं आहे. ‘जाग आल्यावर दोन मिनिटं पडून राहा’ हे लिहिणं सोपं आहे. पण जिला उठल्याबरोबर स्टोव्ह पेटवायचा, पाणी तापवायचं आणि पोरांना हलवायचं असतं, तिला ती दोन मिनिटं कोण देणार? रविवारी तरी चहा दुसऱ्या कुणी ठेवला, तर त्या घरातल्या बाईलाही आपली स्वप्नं आठवू लागतील. नियमितपणे वही ठेवणाऱ्यांना साधारण दोन-तीन आठवड्यांत फरक जाणवतो.

वहीत पंधरा-वीस स्वप्नं जमली की त्याच त्या गोष्टी परत येताना दिसतील. कुणाला सुटलेली लोकल, कुणाला परीक्षेचा पेपर, कुणाला पाडलेलं जुनं घर. या आपल्या खुणा. पुढचं शिक्षण त्यांच्यावर उभं असतं. दिवसातून चार-पाच वेळा थांबून स्वतःला मनापासून विचारायचं, ‘हे स्वप्न तर नाही?’ आणि तपासायचं. एखादी पाटी वाचा, नजर वळवा, पुन्हा वाचा. स्वप्नात अक्षरं आणि आकडे सहसा टिकत नाहीत, दुसऱ्यांदा पाहताना बदलतात. किंवा नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहा. स्वप्नात तो तरीही आत जातो. दादर स्थानकावर मध्य रेल्वेच्या फलाटांचे आकडे डिसेंबर २०२३ मध्ये बदलले तेव्हा कित्येकांना स्वप्नात असल्यासारखं वाटलं असेल, पण ते आकडे पुन्हा पाहिल्यावरही तेच होते. जागेपणीची ही सवय एक दिवस स्वप्नातही डोकं वर काढते.

आणि आता पाण्याची गोष्ट. स्वप्नात भान येण्यासाठी अभ्यासकांनी जो उपाय सर्वांत भरवशाचा मानला आहे, तो असा. पाचेक तास झोपायचं, मग उठून काही मिनिटं जागं राहायचं आणि परत झोपायचं. त्यासाठी परदेशात लोक मुद्दाम गजर लावतात. आपल्या ज्या वस्त्यांत पहाटे नळाला पाणी येतं, तिथे घरातलं कुणी ना कुणी रोज हेच करत असतं. पिंप भरायचं, हंडे भरायचे आणि अर्धा-पाऊण तास पुन्हा अंग टाकायचं. त्या वेळी अंथरुणावर पडताच नुकतं मोडलेलं स्वप्न आठवा. ते पुन्हा चालू आहे आणि या वेळी तुम्हाला ते ओळखू आलं आहे, असं डोळ्यांपुढे आणा. मनात म्हणा, ‘आता स्वप्न पडेल तेव्हा हे स्वप्न आहे हे मला आठवेल.’ शब्द नुसते घोकू नका, अर्थ धरून म्हणा. ऑस्ट्रेलियात ॲडलेड इथे २०१७ मध्ये झालेल्या अभ्यासात, असा संकल्प करून पाच मिनिटांच्या आत पुन्हा झोपी गेलेल्यांना जास्त यश आलं. हंडा उतरवताना भांडण झालं असेल, तर त्या दिवशी सोडून द्या.

ज्याला पाण्याला उठावं लागत नाही, त्याने मात्र यासाठी रोज झोप मोडू नये. सुट्टीच्या आदल्या रात्री एखादा प्रयोग करायला हरकत नाही. रात्रपाळीवाल्यांनी तर वही आणि दिवसाची तपासणी एवढ्यावरच थांबावं. सहा तासांची झोप तोडून मिळवलेलं भान घाट्याचं आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

भान आलं की काय होतं? पहिल्या वेळी बहुतेकजण आनंदाच्या भरात जागे होतात. तसं होऊ लागलं तर स्वप्नातच तळहात एकमेकांवर घासा किंवा जमिनीला हात लावून ती कशी लागते याकडे लक्ष द्या. दृश्य थोडं टिकतं. मग उडून पाहणारे उडतात. आम्हाला याचा खरा उपयोग दिसतो तो पाठलाग करणाऱ्या स्वप्नांत. मागे लागलेल्याकडे वळून ‘तू कोण?’ असं विचारता आलं की त्या स्वप्नाची बरीच ताकद जाते.

तेवढं भान न येताही भयस्वप्नांवर इलाज आहे, आणि डॉक्टर तोच आधी सुचवतात. दिवसा, उजेडात, ते स्वप्न वहीत लिहायचं. मग त्याचा शेवट आपल्या मनाप्रमाणे बदलून लिहायचा. दार उघडतं, मदतीला माणसं येतात, पाणी ओसरतं, काहीही. हा नवा प्रकार रोज दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटून पाहायचा. अमेरिकेत लैंगिक अत्याचार सोसलेल्या १६८ स्त्रियांसोबत बॅरी क्रॅकाव यांनी केलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या पद्धतीने भयस्वप्नं कमी झाली आणि झोप सुधारली. ज्यांच्यावर असा प्रसंग गुदरला आहे त्यांनी सर्वांत भयानक स्वप्नाला एकट्याने हात घालू नये. साध्या त्रासदायक स्वप्नापासून सुरुवात करावी, आणि जमल्यास समुपदेशकासोबत.

छातीवर कुणीतरी बसलंय, अंग हलत नाही, ओरडावं तर आवाज फुटत नाही, असा अनुभव सांगणारे बरेच आहेत. मांत्रिकाचा धंदा यावरच जोरात चालतो. यात भूत नाही. मेंदू जागा झाला, पण स्वप्नाच्या झोपेतला तो स्नायूंचा सैलपणा अजून उतरला नाही, एवढंच घडलेलं असतं. काही सेकंद, फार तर दोनेक मिनिटं. झोप अपुरी असली, पाळी बदलली किंवा उताणं झोपलं की हे जास्त होतं. घाबरून झटापट करू नका. श्वास सावकाश सोडा, पायाचा अंगठा किंवा एक बोट हलवायचा प्रयत्न करा. कुशीवर झोपायची सवय लावा.

स्वप्नाच्या भीतीवर पोट भरणारे आजचे नाहीत. महासुपिन जातकात कोसलच्या पसेनदी राजाची गोष्ट आहे. त्याला एका रात्रीत सोळा स्वप्नं पडली. पुरोहितांनी राज्य, प्राण आणि संपत्ती यांवर संकट सांगितलं आणि चव्हाट्या-चव्हाट्यावर पशूंचे बळी मांडले. राणी मल्लिकेने त्याला भगवान बुद्धांकडे धाडलं. ‘या स्वप्नांपासून तुला भय नाही’ असं उत्तर मिळालं आणि बांधलेली जनावरं सुटली. त्या जातकात स्वप्नांचा भविष्याशी संबंधही जोडलेला आहे. तो भाग आम्ही जुन्या काळची समजूत म्हणून वाचतो. सुटलेली जनावरं मात्र आम्हाला फार मोलाची वाटतात. मटक्याच्या जमान्यात स्वप्नात दिसलेला आकडा लावून पगार घालवणाऱ्यांना अशी मल्लिका भेटली असती तर बरं झालं असतं.

पाली साहित्यात मेत्तेचे अकरा लाभ सांगितले आहेत. सुखाने झोप लागते, सुखाने जाग येते आणि वाईट स्वप्नं पडत नाहीत, हे त्यातले पहिले तीन. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं शांत बसून मैत्रीभावना करणाऱ्याला निदान दिवसभरचं भांडण डोक्यात घेऊन झोपावं लागत नाही. दारू याच्या उलट काम करते. ती सुरुवातीला स्वप्नांची झोप दाबते, आणि उतरल्यावर पहाटे तीच झोप उसळून येते, तुटक आणि भेसूर.

काहींनी या प्रयोगांपासून दूर राहायचं. ज्यांना फिट येतात त्यांनी झोप मोडू नये. ज्यांना कानात आवाज येतात, कुणी आपल्यावर पाळत ठेवतंय असं वाटतं, किंवा त्यासाठी ज्यांची औषधं चालू आहेत, त्यांनी ‘हे स्वप्न की खरं’ हा खेळ अजिबात खेळू नये. नैराश्याच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी स्वप्नं दाट होतात. तसं असेल तर डॉक्टरांना सांगा, गोळी आपणहून बंद करू नका. घरातलं वयस्क माणूस झोपेत खरोखर लाथा मारत असेल, ठोसे मारत असेल, अंथरुणातून पडत असेल, तर त्याला मेंदूविकाराच्या डॉक्टरांना दाखवा. स्वप्नात अंग सैल राहायला हवं ते राहत नसल्याची ती खूण असू शकते.

भयस्वप्नं आठवड्यातून अनेकदा येत असतील, झोपायचीच भीती वाटत असेल किंवा जगणं नकोसं होत असेल, तर परळच्या केईएम, मुंबई सेंट्रलच्या नायर किंवा भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात मानसोपचार विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात केसपेपर काढा. जाताना ती वही सोबत न्या. घरातून निघणं शक्य नसेल तर टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. फोन केव्हाही लावता येतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.