न विचारलेली सवलत

वसई रोडहून दिव्याकडे सुटलेली मेमू पहिल्याच थांब्याला, जूचंद्रला पोहोचते तेव्हा रेल्वे बदललेली असते. मागे राहिली ती पश्चिम, इथून पुढे मध्य. रांगोळीकारांचं गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जूचंद्रच्या प्रवाशाला या हद्दीचं सोयरसुतक नसतं. रूळ तेच, त्यांच्यातलं १६७६ मिलिमीटरचं अंतर तेच, तारेतली वीजही तीच. फरक डब्यांत आहे. वसई रोडला थांबणाऱ्या विरार लोकलचा डबा ३६६० मिलिमीटर रुंद, तर मेमूचा ३२५०च्या आसपास. जवळजवळ हातभर फरक. देशभरच्या साध्या डब्यांसाठी आखलेल्या मापात मुंबईची लोकल मावतच नाही. तिच्यासाठी मापांच्या पुस्तकात वेगळी सोय करावी लागली आहे. रेल्वेत या पुस्तकाला ‘शेड्यूल ऑफ डायमेन्शन्स’ म्हणतात. डबा किती उंच, किती रुंद, फलाटाची कड रुळापासून किती दूर, पुलाची कमान किती वर, हे सगळं त्यात मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. एखादं माप मोडत असेल, तर कारण आणि अटी लिहून ते क्षम्य ठरवून घ्यायचं. त्याला ‘कंडोनेशन’ हा भारदस्त शब्द आहे. नियमातून सूट म्हटलं की आपल्याला आधी पळवाट आठवते आणि मग टेबलाखालचा हात. माझं म्हणणं वेगळं आहे. मागून, तपासून, कागदावर उतरवून घेतलेली सूट हा सुरक्षाव्यवस्थेचाच भाग आहे. धोका असतो तो कुणी मागितलीच नाही अशा सुटीत.

या व्यवस्थेच्या केंद्रस्थानी रेल्वे सुरक्षा आयोग नावाचं फारसं कुणाला ठाऊक नसलेलं कार्यालय आहे. १९४१ मध्ये रेल्वेची तपासनीस यंत्रणा रेल्वे मंडळाच्या हाताखालून काढून टपाल व हवाई खात्याकडे दिली गेली. जो गाडी चालवतो त्यानेच ती सुरक्षित असल्याचा दाखला देऊ नये, हे त्यामागचं साधं तत्त्व. १९६१ मध्ये आयोग हे नाव मिळालं, आणि आजही तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. मुख्य आयुक्त लखनौला बसतात. पश्चिम आणि मध्य मंडळांचे आयुक्त मुंबईत. रेल्वे अधिनियम १९८९ चं कलम २७ सांगतं की एखाद्या मार्गावर आधीपासून धावणाऱ्या गाड्यांहून वेगळ्या रचनेची किंवा प्रकारची गाडी वापरायची असेल, तर केंद्र सरकारची पूर्वमंजुरी हवी. आणि ती देण्याआधी आयुक्ताने काळजीपूर्वक तपासणी केल्याचा अहवाल हवा. म्हणून कारखान्यातून नवा डबा निघाला की रेल्वेची संशोधन संस्था असलेल्या लखनौच्याच आरडीएसओकडून चाचण्या होतात. कोणत्या वेगाला तो किती डोलतो आणि आपत्कालीन ब्रेक लावल्यावर किती अंतरात थांबतो हे मोजलं जातं. मग कागद आयुक्तांकडे जातात. सुरक्षा आयुक्त म्हणजे इंग्रजीतल्या आद्याक्षरांनी ‘सीआरएस’. रेल्वेची माणसं एका श्वासात ‘सीआरएस झालं का?’ म्हणतात, त्यात एवढं सगळं आलं.

मुंबईच्या पहिल्या वातानुकूलित लोकलने हे यंत्र प्रवाशांना उघडं करून दाखवलं. चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीने बांधलेला हा रेक एप्रिल २०१६ मध्ये कुर्ला कारशेडला आला. उंची ४३३५ मिलिमीटर, नेहमीच्या लोकलपेक्षा काही सेंटीमीटर जास्त. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर कुर्ल्यापासून बोरीबंदरपर्यंत ब्रिटिशांच्या काळातले ठेंगणे पूल आहेत. त्यातच १५०० व्होल्टची जुनी डीसी वीज जाऊन २५ हजार व्होल्टची एसी आलेली, आणि व्होल्टेज वाढलं की तार, छत आणि पूल यांच्यात हवेची मोकळी जागाही जास्त सोडावी लागते. डब्याचं छत वर सरकलं की ही जागा खालून खाल्ली जाते. काही सेंटीमीटरनी काय बिघडतं, असं फलाटावरून वाटेल. पण ठिणगी अंतर पार करते ती मिलिमीटरच्या हिशेबाने. गाडी शेवटी पश्चिम रेल्वेला दिली गेली आणि २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवलीहून चर्चगेटला धावली. त्या वेळी या सगळ्याची भरपूर टिंगल झाली: कोट्यवधींची गाडी बांधली, पण पुलाची उंची मोजायला विसरले! टिंगल रास्तच होती, पण तिने मुद्दा हुकवला. नियमाने आपलं काम केलं होतं. गाडी जिथे मावते तिथे गेली, आणि मध्य रेल्वेसाठी पुढे कमी उंचीचे रेक आले. त्यातला पहिला जानेवारी २०२० मध्ये ठाणे–पनवेल मार्गावर आला. डबा बदलता येत होता म्हणून डबा बदलला.

कधी मार्गच नवा असतो, तेव्हा नियमही नवा करता येतो. वसई–दिवा पट्ट्यातून न्हावाशेवाकडे जाणाऱ्या पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गाची मापं मुळातच वेगळी धरली आहेत: उंची ७.१ मीटर, म्हणजे कंटेनरवर कंटेनर ठेवून विजेच्या तारेखालून जाता येईल. रुंदी ३६६० मिलिमीटर, अगदी मुंबईच्या लोकलएवढी. एकेका वाघिणीसाठी अर्ज करत बसायचं कारण नाही. आणि कधी जुना नियमच बदलावा लागतो. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपरला फलाट आणि डब्यामधल्या पोकळीत पडून एका मुलीने दोन्ही हात गमावले. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयात हा प्रश्न लावून धरला गेला आणि उपनगरी फलाट ८४० मिलिमीटरवरून ९०० ते ९२० मिलिमीटरपर्यंत उचलले गेले. ८४० हा आकडा सुरक्षेसाठीच ठरवलेला होता. गर्दीच्या लोकलला तोच घातक ठरला.

यावर आक्षेप येतो तो असा की सूट देणारे आयुक्त रेल्वेतूनच आलेले असतात, मग उत्पादकाच्या आणि मंत्रालयाच्या दबावापुढे ते टिकणार कसे? आक्षेप खरा आहे. रूळ-डब्यांचं ज्ञान रेल्वेबाहेर कुठे मिळणार, हे त्याचं अर्धंच उत्तर. उरलेलं अर्धं अमेरिकेकडून घ्यावं. तिथे गाडीच्या सुरक्षानियमातून सूट हवी असेल तर संघीय रेल्वे प्रशासनाकडे अर्ज करावा लागतो, तो राजपत्रात छापला जातो आणि त्यावर कुणालाही म्हणणं मांडता येतं. कॅलिफोर्नियातल्या कॅलट्रेनने टकरीत आठ लाख पौंडांचा दाब सोसण्याच्या जुन्या अटीतून हलक्या युरोपीय धाटणीच्या गाड्यांसाठी सूट मागितली; २०१० मध्ये ती मिळाली, पण टक्कर होऊच नये अशी नियंत्रणयंत्रणा बसवण्याच्या अटीवर. २०१८ मध्ये मूळ नियमच सुधारला गेला. आपल्या कलम २७ मध्ये लोकांचं म्हणणं ऐकण्याची तरतूद नाही. ती असावी. मुंबईत रोज माणसं मरत असताना असली सोपस्कारांची चैन परवडत नाही, असं कुणी म्हणेल. पण वेळ जातो तो बहुतेकदा डबा बांधून झाल्यावर माप काढल्यामुळे, अर्ज वाचल्यामुळे नव्हे.

आता त्या न मागितलेल्या सुटीकडे येऊ. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी पडले, काहींचे जीव गेले. त्यानंतर रेल्वेने साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवण्याचं जाहीर केलं: दारांना हवेच्या फटी, छतावर ताजी हवा आत घेणारी यंत्रं, डब्यातून डब्यात जायला वाट. उत्तम. पण कलम २७ ची भाषा परत वाचा. पूर्वमंजुरी लागते ती ‘वेगळ्या प्रकारच्या’ गाडीला. बंद दाराच्या डब्याला आपली हवा, वजन, ब्रेक सगळं सिद्ध करावं लागणार, आणि करावंच. उघड्या दाराच्या डब्याने मात्र हा अर्ज कधी केला? रेल्वेच्याच हिशेबात ऐन गर्दीत चौरस मीटरला १४ ते १६ माणसं उभी धरली जातात, आणि त्या माणसांना वाऱ्यावर टांगण्याची परवानगी कुठल्याही फाइलवर कुणी मागितलेली नाही. ती पूर्वापार चालत आली, म्हणून कायद्याच्या नजरेत ‘वेगळी’ नाही.

नायगाव ते जूचंद्र अशी सुमारे पावणेसहा किलोमीटरची नवी जोडमार्गिका मंजूर आहे. ती झाली की पश्चिम रेल्वेच्या मुंबईकडच्या स्थानकांतून कोकणात जाणाऱ्या गाड्यांना वसई रोडला इंजिन फिरवत थांबावं लागणार नाही. प्रवासी गाडी तिच्यावर धावण्याआधी आयुक्त येतील, रूळ, सिग्नल, पूल तपासतील, अटी लिहितील. बंद दाराचा पहिला रेक येईल तेव्हा त्याचीही अशीच कसून परीक्षा होईल. आणि शेजारच्या फलाटावरून दाराला माणसं लटकलेली मेमू, कुणालाही काही न विचारता, दिव्याकडे निघून जाईल.